जोक समजावणारे काका

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीच्या बाकावर एक काका रोज सकाळी इंग्रजी पेपरातली कॉमिक स्ट्रिप मोठ्याने वाचतात. आधी स्वतःच हसतात, मग कामाला निघालेल्या आम्हाला अडवून एकेका शब्दाची फोड करतात. "डिक्शनरीतला अर्थ इथे चालत नाही हं! कळलं? आता हसा." आम्ही हसतो. त्याशिवाय सुटका नसते.

परवा मात्र त्यांनी स्ट्रिप मनातच वाचली आणि पेपर मिटून ठेवला.

"काका, आजचा जोक?" मी विचारलं.

"आज काही विशेष नाही रे," म्हणत ते उठून गेले.

मी पेपर उघडला. चित्रातला म्हातारा जोक समजावून सांगत होता आणि ऐकणारे हळूच घड्याळ बघत होते. अवघड शब्द एकही नव्हता.