पुढची दोन चाकं

लिंबाजीमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. ते खाकी शर्टात दारात उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, उजवा पाय उचला." चेअरमनसाहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर आहे म्हटल्यावर मी मुकाट्याने पाय उचलला. त्यांनी वाकून चपलेचा तळ पाहिला. "भाईरच्या अंगानं झिजलीया. तुमी एका पायावर भार टाकून उभं ऱ्हाता. हाफिसरापुढं लई वेळ उभं करत्यात वाटतं." मला राग आला, कारण ते खरं होतं.

ही त्यांची सवयच होती. पाहुण्याची चप्पल असो, बैलाचा खूर असो की ट्रकचं चाक, मामा आधी तळ बघायचे. मूळचे मुरुमकडचे. वयात येता येता घरादारानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, आणि त्यानंतर गाव सोडून हैदराबाद रस्त्यावर वीस वर्षं ट्रक चालवलेला. शर्टाच्या खिशात बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि त्याला लागून टायरची खाच मोजायची काडी, एवढा त्यांचा ऐवज. कारखान्यावर आठ वर्षं झाली तरी ते रोजंदारीवरच होते; मी मात्र वर्षभरातच कायम झालो होतो. दरवर्षी त्यांना कायम करायचा विषय निघे आणि दरवर्षी वेळेअभावी पुढे जाई. कायम झालं की क्वार्टर मिळे, आणि क्वार्टरला नळ होता. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात नळ म्हणजे काय, ते मामांच्या बायकोला विचारायला हवं होतं. ती दोन कोसांवरून पाणी आणत होती.

त्या वर्षी ऊस नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. अशा वेळी संचालक मंडळाची तातडीची बैठक बसली ती चेअरमनसाहेबांच्या मोटारीच्या टायरवर. मोटार परदेशी, लांबलचक, दिल्लीत लिलावात घेतलेली. आत बसलं की बाहेरचा दुष्काळ दिसायचा, पण लागायचा नाही. तिचे टायर गुळगुळीत झाले होते.

नमुने गोदामाच्या ओट्यावर मांडले होते. एकीकडे आपले साधे, जाड टायर. दुसरीकडे मुंबईहून आलेले परदेशी. रुंद, मऊ, कडेला पांढरी पट्टी असलेले आणि भरधाव वेगासाठी बनवलेले. संचालक तात्या बाजारात बैल पारखण्यात पटाईत. त्यांनी परदेशी टायरला अंगठा दाबून पाहिला, दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "जनावर जातिवंत हाय." मंडळानं माना डोलावल्या.

मामांना कुणी विचारलं नव्हतं. तरी ते दारातून बोलले. "साहेब, आपल्या रस्त्यावर जिथं तिथं दुष्काळी कामाची खडी हाय. चारी साधी घ्या."

"लिंबाजी, ही गाडी ताशी शंभरनं पळते," चेअरमनसाहेब म्हणाले.

"गाडी पळती साहेब. रस्ता पळू देत न्हाय."

साहेब हसले आणि परदेशी टायरचा ठराव पास झाला. अडचण एवढीच होती की त्या मापाचे मुंबईत दोनच शिल्लक होते. मग दोन नवे परदेशी आणि दोन जुन्यातले बरे, असं ठरलं. नवे कुठे बसवायचे यावर मात्र चर्चाच झाली नाही. पुढे! स्वागताला लोक पुढून येतात, हार पुढे घालतात, नारळ पुढच्या चाकाशी फोडतात. मागच्या चाकाकडे बघतं कोण?

"पुढं नगं साहेब," मामा आता आर्जवानं बोलत होते. "नवं टायर रस्ता धरतंय, जुनं घसरतंय. पुढचं धरलं आन् मागचं घसरलं, की गाडीची शेपटी गर्रकन पुढं येती. नवी मागं टाका."

"म्हणजे साहेबांनी फाटक्या चपला घालून पुढं चालायचं व्हय?" तात्या म्हणाले. ठराव मीच लिहून घेतला.

चार दिवसांनी साहेबांचा दुष्काळी कामांच्या पाहणीचा दौरा होता. सकाळी सहाला मामा स्टोअरच्या दारात आले. "भाऊसाहेब, जॅक द्या. चाकं बदलायची हायती." काय चाललंय ते मला कळलं. जॅक देऊ नये हेही कळत होतं. पण मीही त्याच गाडीत फायली घेऊन बसणार होतो, आणि शेपटी गर्रकन पुढे येते हे वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी जॅक दिला. आम्ही दोघांनी मिळून नवे टायर मागे आणि जुने पुढे बसवले. मामांनी जुन्यांना काळं पॉलिश चोळलं, आणि माझं अक्षर सुबक म्हणून त्यांच्यावर पांढरी पट्टी मी ओढली. सुंदर आली होती, सांगायला हरकत नाही.

नऊ वाजता त्या जुन्या टायरांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. तात्यांनी पट्टीकडे बघून "काय तेज हाय!" असा अभिप्रायही दिला.

जळकोटच्या अलीकडे वळणावर खडी पसरली होती आणि छावणीकडे निघालेली जनावरं अचानक रस्त्यात आली. मामांनी ब्रेक दाबला. गाडी खडीवरून सरसरत गेली, पण सरळ रेषेत गेली आणि एका म्हशीच्या वीतभर अलीकडे थांबली. मामांनी कपाळावरचा घाम पुसला. मागून चेअरमनसाहेब म्हणाले, "बघा तात्या, पुढच्या टायरांनी कसं धरलं!"

तात्या म्हणाले, "ठराव आमी मांडला हुता!"

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढच्या बैठकीत मामांना कायम करण्याचा विषय होता आणि साहेब खुशीत होते, म्हणजे आता नळ आलाच. मामा स्वच्छ शर्ट घालून दाराशी उभे होते. पण त्याआधी साहेबांनी दुसराच विषय काढला. आपला अनुभव सर्वांना लाभावा म्हणून कारखान्याच्या सगळ्या गाड्यांचे चांगले टायर पुढे घ्यावेत आणि झिजलेले मागे टाकावेत. शाळेची पोरं नळदुर्गला नेणाऱ्या बसपासून सुरुवात करावी.

मी मामांकडे पाहिलं. थोडा वेळ गप्प राहिले असते तर पुढचा विषय त्यांचाच होता.

"साहेब," मामा आत आले. "त्या दिशी नवी टायरं मागं हुती. म्याच बदलली. म्हून गाडी सरळ थांबली. पोरांच्या गाडीला असलं काय करू नगा."

साहेबांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. ज्या चाकांसमोर सबंध मंडळानं हात जोडले ती जुनी निघाली, ही बाब जिवापेक्षा मोठी होती.

"जॅक कुणी दिला?"

"म्या काढून घेतला."

"आणि ती पांढरी पट्टी?"

"म्याच वढली."

"तुला ब्रश धरता येतो?"

"येतोय की."

मी तिथेच, तीन हातांच्या अंतरावर फाईल घेऊन उभा होतो. मामांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही, उगाच कुणाला संशय नको म्हणून. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी फाईलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवसापासून मामांना कामावर घेतलं नाही. बसचे चांगले टायर मात्र गुपचूप मागेच राहिले, आणि काही दिवसांनी चेअरमनसाहेबांच्या मोटारीचेही पुन्हा मागे गेले. 'सखोल तांत्रिक विचाराअंती' हे मंडळानंच ठरवलं, असं कार्यवृत्तात माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेलं आहे.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी मुरुमला बाजाराच्या दिवशी गेलो होतो. मामांचं पंक्चरचं दुकान होतं. केस पिकले होते. त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला, पोराबाळांची चौकशी केली. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. मला लाज वाटते त्याची."

मामांनी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कसं बोलणार भाऊसाहेब? तुमी पर्मनंट. पर्मनंट माणसाला जलमभर भ्यावं लागतं. आमचं बरं हुतं, आमी रोजंदारीवर."

हा टोमणा असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतला असता. पण मामा मनापासून माझी कीव करत होते.