तापीपल्याडची हाक

भाईदास फौजी हाक मारली तर वळत नसे आणि खांद्यावर हात ठेवला तर मारायला धावे. आमच्या प्रकाशा गावात त्याचं कुणाशीच पटत नव्हतं. मला तो कधीच आवडला नाही. पण निवृत्त मास्तर म्हणून गावाचे अर्ज मी लिहायचो, त्यामुळे त्याचं अपील माझ्या गळ्यात पडलं.

तो तोफखान्यात होता. लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने शेरा मारला होता : बहिरेपण आनुवंशिक, नोकरीशी संबंध नाही. त्यामुळे अपंगत्वाची पेन्शन नाकारलेली. पेन्शनपेक्षा त्याला तो शेराच जास्त झोंबला होता. "मन्हा कान तोफनी खादात, बापनी नही," हे तो ओरडूनच सांगे. चुकीचं लिहिलं म्हणून दोनदा त्याने माझा अर्ज टराटरा फाडला.

बापाचे कान शाबूत आहेत हे दाखवायचं तर बापालाच सुनावणीला न्यायला हवं होतं. पंचाईत अशी, की बापलेकाचं बोलणं बंद. पारावर बसून त्याचे वडील झुलाल आबा गावभर सांगत, "त्याले सोयनं तितलंच ऐकू येस. सम्दं पेन्शननं सोंग शे." मंडळापुढे हेच बोलले असते तर संपलंच सगळं.

शेवटी मीच गेलो. शेरा ऐकताच म्हातारा भडकला. "मन्हा कान वाईट शेतस? कोन म्हनस? चाल, दखाडसू त्याले."

मुंबईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाठ करून प्रवास केला. सुनावणीत एका अधिकाऱ्याने मागे उभं राहून भाईदासला हाक मारली. मग आणखी मोठ्याने. तो भिंतीकडेच बघत बसलेला. ते पाहून आबांचा चेहरा उतरला. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, फौजमा जावाना पहिले मी तापीना पल्याडतीन हाक मारू, तरी हाऊ ऐके. आते माघेतीन शिव्या देस तरी मान फिरावस नही. माले वाटे, माज शे."

बाहेर येताच भाईदासने मला धरलं. "काय बोलना म्हातारा? उलटंच बोलना व्हई."

मी त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. व्हरांड्यातल्या लोकांनीही ऐकलं. त्याने बापाची पिशवी उचलली.

निकाल त्याच्या बाजूने लागला. पेढे सोडाच, पाकीट चुरगळलं म्हणून तो पोस्टमनशी भांडला. बापलेकाचंही काही गोड झालं नाही. पण त्यानंतर आबांना त्याला शिवी द्यायची असली, की ते काठी टेकत त्याच्या पुढ्यात येत, आपलं तोंड त्याला नीट दिसेल असे उभे राहत, आणि मगच देत.