पानात ठेवलेलं बोट

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या सातआठ जणी जमतो आणि महिनाभरात काय वाचलं ते एकमेकींना सांगतो. या वेळी माझी पाच पुस्तकं झाली होती. एकही सुटू नये म्हणून नावं चिठ्ठीवर लिहून नेली होती. मी बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या, पोह्यांच्या बश्या फिरल्या.

मग मालूताई बोलायला लागल्या. त्यांचं एकच पुस्तक, तेही अर्धवट, आणि मीच वाचायला दिलेलं. बोलताना त्यांनी एक बोट पानात तसंच ठेवलं होतं, जणू वाचता वाचता कोणी हाक मारली म्हणून उठून आल्या होत्या.

"त्यातली ती सून आहे ना," त्या म्हणाल्या, "दोन दिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडतेय मी. काल वरणात मीठ घालायचं राहिलं."

पोहे गार होत होते. कोणी खाईना.

मला त्या बोटाचा हेवा वाटत होता. पुस्तक माझं, पहिल्या पानावर सही माझी, आणि आत बोट त्यांचं. माझी पाच पुस्तकं घरी कपाटात मिटून उभी होती. त्यांतल्या एकाही बाईशी मी भांडले नव्हते.

"शेवट मात्र सांगू नका हं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मागच्याच महिन्यात मी या पुस्तकावर इथेच बसून दहा मिनिटं बोलले होते. त्या सुनेचं पुढे काय होतं, मला आठवेना.

"नाही सांगणार," मी म्हटलं.