तारपा कोण नाचणार?

मुरबाडच्या कंपनीची गाडी सापगावपर्यंत आली होती आणि सुगंधा नाचाचे कपडे घालायला तयार नव्हती. प्राचार्य माझ्यावर तापले होते. मी शहापूरच्या कॉलेजचा प्लेसमेंट ऑफिसर. म्हणजे पोरांना नोकरी लागली नाही की ज्याला धरतात, तो माणूस.

आमच्याकडं पाहुणा आला की आदिवासी मुलींचा तारपा नाच ठरलेला. सुगंधा कातकरी, तानसाकडच्या वाडीतली. तारपा वारली लोकांचा. तिच्या घरात तो कुणी नाचलेलं नाही. पोरगी कॉलेजात आल्यावर मोबाईलवर बघून शिकली. पण प्राचार्यांच्या लेखी आदिवासी म्हणजे तारपा, विषय संपला. "तुझ्या रक्तातच आहे गं," असं कौतुकानं म्हणायचे. तिला केमिस्ट्रीत किती मार्क होते, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

सकाळीच एका ट्रेनरनं पोरांना कॉन्फिडन्स शिकवला होता. नजर भिडवा, नाही म्हणायला शिका, वगैरे. प्राचार्यांनी त्याला शाल घातली.

सुगंधाला क्यूसीत जागा हवी होती. क्यूसी म्हणजे कारखान्याची लॅब, जिथं माल बाहेर जायच्या आधी तपासतात. जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर. आणि इंटरव्ह्यूला पहिला नंबर तिचाच होता.

"अगं, दहा मिनिटांचं काम. नाचून तशीच आत जा," प्राचार्य म्हणाले. "त्यांनाही कौतुक वाटेल."

"सर, मी नाय नाचणार."

"का?"

"नाचून गेले तर ते मला नाचणारीच समजतील. मला लॅबमधी काम करायचाय."

तिनं नजर खाली घातली नाही. प्राचार्य माझ्याकडं वळले. "हे हिला कोणी शिकवलं?"

"सकाळच्या ट्रेनरनं, सर. आपणच बोलावला होता."

मला मनातून फार बरं वाटलं. चेहरा मात्र गंभीर ठेवला. पगार प्राचार्यांच्या सहीनं निघतो.

स्वागत नुसत्या गुच्छावर उरकलं. आत सुगंधाचा आवाज सुरुवातीला कापत होता, दाराबाहेर मला ऐकू येत होतं. केमिस्ट्रीतल्या टायट्रेशनचा प्रश्न आला आणि ती सुरळीत बोलायला लागली. जागा मिळाली. प्राचार्यांनी सभेत सांगितलं, "आपल्या तारप्यामुळं मुलींमध्ये धाडस येतं."

यंदा तीच कंपनी परत आली. एचआरच्या मॅडमबरोबर सुगंधाही होती. दारात नव्या मुली नटून उभ्या. तिनं पहिलीला विचारलं, "तुझा इंटरव्ह्यू हाय ना?"

"हो. नाचून झालं की."

"आधी इंटरव्ह्यू दे. जा, कपडे बदल." मग प्राचार्यांकडं वळून अगदी अदबीनं म्हणाली, "सर, तारपा मला येतो. तुमाला हवाच असेल तर मी नाचते. तुमीपण या."

प्राचार्यांना एकदम फोन आला.

आता आमच्याकडं इंटरव्ह्यू आधी होतात, नाच नंतर, ज्याला हौस असेल त्याचा. पाहुण्यांची काही हरकत नाही. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.