कोल्ह्यासाठी गोळी

बुकित बातोकला, मुलाकडे राहतो त्या इमारतीपासून दोन पावलांवर हॉकर सेंटर आहे, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांचा मंडप. संध्याकाळी मी आणि बायको तिथे एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसायचो. अर्धी ती, अर्धी मी. त्या दिवशीही बसलो होतो, आणि बोलणं चाललं होतं कोल्हा मारायला गोळी कोणती, यावर. जन्मभर संसार केला आणि शेवटचं धड बोलणं हे. असो.

झालं होतं असं. धाकटी लेक अमेरिकेत असते. वस्तीच्या कडेला जमिनीसकट घर घेतलंय, कोंबड्या पाळल्यात. तिकडे कायोटी म्हणून जनावर आहे, आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ. त्याने निम्म्या कोंबड्या नेल्या. आता दिवसाउजेडी पायरीपर्यंत येतं. जावई म्हणाला, रायफल घेऊ. दुकानदाराने दोन दाखवल्या. एक दोनशे तेवीसची, बारीक गोळीची. दुसरी तीनशे आठची, जाड गोळीची. जावयाला जाड हवी. लेकीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. तुमच्याकडे बंदूक होती ना?"

होती. कोकणात, शेताच्या राखणीची, परवान्याची. ठासणीची बंदूक, दारू आणि गोळी नळीतून ठासायची. रायफल मी हातात धरलेली नाही. पण जनावर ते जनावर.

मी बायकोला म्हटलं, "जाडच घे म्हणून सांगतो. जखमी होऊन झाडीत गेलं की तडफडत राहतं. एका बारात पडलं पाहिजे."

ती लेकीने पाठवलेला अंगणाचा फोटो बघत होती. चष्मा घरी विसरलेली, म्हणून फोन नाकाला लावून.

"अहो, ह्या कुंपणामागे काय आहे?"

"असेल शेजाऱ्याचं काहीतरी."

"झोपाळा आहे. पोरांचा."

मी बघितलं. होता.

आमच्याकडे कोकणात जमीन उतरणीची, पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्या पाडलेली. जनावराच्या मागे दरड नाहीतर बांध असायचाच. गोळी आरपार गेली तरी मातीत. मागे काय आहे हे बघायची मला सवयच नाही. लेकीचं रान ताटासारखं सपाट.

"दुकानदार काय म्हणाला होता?" तिने विचारलं.

"बारीकमध्ये एक हलकी गोळी येते. जोरात जाते, अंगात शिरली की आतच फुटते. सहसा बाहेर पडत नाही म्हणे."

"मग तीच."

"तू कधी बंदूक धरलीस?"

"धरली नाही. पण तुमच्या गोळ्या कोणी ओतल्या? मासे धरायच्या जाळ्याचं शिसं चुलीवर वितळवून? माझी आमटीची पळी गेली ती गेलीच. शिकार तुमची, पळी माझी."

मी म्हटलं, "उद्या बघू."

"उद्या कशाला? ती दुकानात जायचीय."

"तिकडे अजून उजाडलं नसेल."

"मग उठल्यावर सांगा. नाहीतर विसराल."

"नाही विसरत."

"विसरता तुम्ही," ती म्हणाली आणि उरलेली कोपी माझ्यापुढे सरकवली.

घरी आलो. पाठ भरून आलीय, जरा पडते म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे आत घेत होतो. जेवायला हाक मारली तर उठली नाही. मुलगा-सून घरीच होते. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी खूप खटपट केली. मला सांगायची गरज नव्हती. जनावर असो की माणूस, गेलेलं मला कळतं. डॉक्टर म्हणाले, हृदय, त्रास झाला नसेल. जो तो म्हणतो, सुटली. कशातून सुटली ते कोणी सांगत नाही.

सकाळी मुलगा कागदपत्रांसाठी बाहेर गेला. सुनेने पुढ्यात ठेवलेला चहा तसाच निवला. लेकीला त्याने रात्रीच कळवलं होतं. मी तिला फोन लावला. ती रडत होती. तिकीट बघतेय, मिळालं की निघते, म्हणाली.

मी म्हटलं, "ऐक. बारीकच घ्यायची. दोनशे तेवीस. आत फुटणारी हलकी गोळी. जाड नको."

"बाबा, आत्ता हे काय?"

"तुझ्या आईने सांगितलंय. तुमच्या कुंपणामागे झोपाळा आहे. त्या अंगाला हलकीसुद्धा झाडायची नाही. नेम चुकला तर हवेत फुटत नाही ती. मागे मातीचा उंचवटा असेल तिथेच बार काढायचा. नसेल तर घाला. जावयाला सांग."

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "झोपाळा आईने बघितला?"

"हो. मला नव्हता दिसला."

ती पुन्हा रडायला लागली.

"लिहून घे," मी म्हटलं. "मी विसरतो."