वेळेचं कार्ड

पडदा वर गेला की दिसते ती भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. बाकांच्या रांगा मोडून चार-चार खुर्च्यांची बेटं केलेली, प्रत्येक टेबलावर दोऱ्याने टांगलेला लोखंडी गोळा, आणि बेटांमधून डुलत फिरणारे शिक्षक, म्हणजे माझा धाकटा मेहुणा. या डुलण्यामुळे पोरं त्याला लंबक म्हणतात. तोही ओ देतो.

मी मागच्या स्टुलावर, एकमेव प्रेक्षक. जन्मभर नाटकं केली, पण इतकी शिस्तीची कंपनी मला कधी लाभली नाही. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड: मांडणारा, लिहिणारा, शंका काढणारा, वेळ बघणारा. चौघांचं एकमत झाल्याशिवाय पेन कागदाला टेकवायचं नाही आणि शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही, हा नियम. जड गोळा आधी पडतो की हलका-जड बरोबरच, यावर एका गटात मतं फुटली होती. भांडण नको म्हणून त्यांनी तडजोड केली: एक दिवस जड आधी, दुसऱ्या दिवशी दोन्ही बरोबर. मेहुण्याने अवाक्षर न काढता त्यांच्या हाती दोन गोळे आणि शिडी दिली.

त्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या त्या निकाल लावायलाच. मुलांचे अभिप्राय घ्यायचे. बरे नसतील तर उद्यापासून बाकं पुन्हा रांगेत. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं होतं. बाईंनी प्रत्येकाला कागद दिला: ही पद्धत आवडली का? प्रत्येक गटाने तीन कागद बाजूला सारले, एक मधे ठेवला आणि डोकी जुळवली. आपापलं लिहा, असं बाईंनी बजावलं. कोणी ढिम्म हललं नाही.

खिडकीजवळच्या गटातला वेळ बघणारा आजारी होता. शंका काढणाऱ्या मुलीने त्याचं कार्ड अदबीने बाईंच्या गळ्यात घातलं आणि खुर्ची पुढे केली. बाई बसल्या. गळ्यात काही पडलं की माणूस भूमिकेत शिरतोच, हे मी विंगेतून कितीदा पाहिलंय.

तिघं म्हणाले, आवडली. बाई म्हणाल्या, नाही.

"का नाही?" मुलीने विचारलं.

"गोंगाट फार होतो."

"आत्ता सगळ्यात मोठा आवाज कोणाचा आहे, बाई?"

बाईंनी आवाजाची पट्टी खाली आणली आणि नवा मुद्दा काढला: एक हुशार असतो, बाकीचे त्याच्या जिवावर तरतात. मांडणाऱ्याने विचारलं, मग आपल्यात हुशार कोण? त्यावर चौघांचं नव्याने फाटलं. लिहिणारा पेन हवेत धरून बसला.

घंटा झाली. बाकीच्या गटांनी कागद ठेवले. बहुतेकांना आवडली होती. शिडीवाल्यांना एक दिवसाआड आवडली होती. पण निकाल बाई देणार, आणि बाई तर अजून गटातच. शिपाई दारात किल्ल्या वाजवून गेला. शेवटी बाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या मेहुण्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही तरी सांगा ना यांना. किती वेळ चालायचं हे?"

तो एक शब्द बोलला असता तर बाई सुटल्या असत्या, आणि त्याचा नियम तिथेच मोडला असता. हात मागे बांधून तो डुलत टेबलाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला,

"वेळेचं कार्ड तुमच्याच गळ्यात आहे, बाई."