बाहेर बसलेला भाऊ

आत्याला विलायतेला जायचं होतं ते विलायत बघायला नव्हे. तिचा एकुलता एक मुलगा तिथे कामाला होता, त्याला दोन मुली झाल्या होत्या आणि त्या नातींना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. गुडघे धरायला लागल्यापासून ती म्हणायची, "भाताची लावणी आता होत नाय गं बाय. पोरींच्या वेण्या घालीन, तेवढं जमंल." म्हातारपणाकडून तिची एवढीच मागणी होती. ती पुरी करण्याआधी त्या देशाने तिच्याकडे जे मागितलं, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

अटी मुलाने पत्रातून कळवल्या होत्या. आई त्याने पाठवलेल्या पैशांवरच जगत असली पाहिजे. गावात तिला सांभाळणारं जवळचं माणूस नसलं पाहिजे. आणि तिचं राहणं आपल्या देशाच्या मानानेसुद्धा फार हलाखीचं असलं पाहिजे. माझे वडील खोपोलीच्या कारखान्यात होते. ते घरी आणत त्या युनियनच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, त्यामुळे मालकांच्या नोटिशीही मी पुष्कळ वाचल्या होत्या. पण इतकं निर्लज्ज वाक्य एकाही नोटिशीत नव्हतं. आमच्याकडे यायचं तर आधी तुमच्याच गरिबांहून गरीब होऊन दाखवा, असं त्याचं साधं मराठी होतं. ज्यांची बँकेत गडगंज रक्कम होती त्यांच्यासाठी मात्र वेगळा दरवाजा होता. त्यांना भाऊ किती, जेवता काय, असलं कोणी विचारत नव्हतं.

आत्या दोन्ही दरवाजांच्या मधली. कडावजवळ नवऱ्यामागे राहिलेली भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. तिथे जायला ही श्रीमंती फार कमी होती, आणि ही गरिबीही कमीच पडत होती.

कर्जतला कोर्टासमोर कागद करून देणारे एक गृहस्थ बसत. त्यांनी पत्र वाचून चष्मा काढला.

"आत्याबाई, पहिलं म्हणजे शेत दिराच्या नावावर करा. म्हैस विका. आणि साहेबापुढे जाताना जुनेरं नेसा."

"म्हंजे भिकारीन होऊ?"

"कागदावर."

"कागदावरची भिकारीन भाकर कागदाची खाते का हो?"

ते हसले. मी हसले नाही. "नियमच चुकीचा असेल तर तो पाळण्याची सोय कसली करता?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "पोरीला शिकवलंत ते बरं केलंत. पण आता तिला गप्प बसायला शिकवा."

शेत दिराच्या नावावर झालं. भात तूच खा, असं तो तोंडी म्हणाला. म्हैस गेली त्या दिवशी आत्या गोठ्याकडे फिरकली नाही.

अडलं ते भावापाशी. भाऊ म्हणजे माझे वडील. ते असून चालणार नव्हतं. संध्याकाळी ते तिच्या ओटीवर साहेब होऊन बसत आणि तिची तयारी करून घेत.

"बाई, तुला भाऊ हाय का?"

"समोर बसलास नि इचारतोस काय रं मेल्या?"

"ताय, नाय म्हन. निस्तं नाय म्हनायचं."

तिच्या तोंडून ते निघेना. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण भावाला पाटावर बसवून ओवाळते. जिला भाऊ नाही ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. भाऊ जिवंत असताना नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या जिभेने त्याला चंद्रावर पाठवणं. हे त्या अटी लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण म्हातारी बाई आणि तिचा भाऊ यांच्यात शिरायचा अधिकार त्याला कोणी दिला होता?

त्या देशाच्या मुंबईतल्या कचेरीत मी तिच्याबरोबर आत गेले. तिला ऐकू कमी येतं असं सांगितलं होतं आणि त्यांच्यापुरती मी शेजारची मुलगी होते. वडील फाटकाबाहेर झाडाखाली डबा घेऊन बसले. घरी राहा म्हटलं तर म्हणाले होते, "ताय मुंबईत कदी एकटी गेली नाय." जुनेरं आत्या नेसलीच नाही. लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसून ती साहेबासमोर बसली.

साहेब गोरा होता आणि फार सभ्य होता. ती सभ्यता मला शिवीसारखी लागली. त्याचे प्रश्न मराठीत सांगायला एक आपलाच माणूस होता. शेत? नाही. दुसरं उत्पन्न? नाही. मुलगा पैसे पाठवतो? हो. इथवर आत्या पढवल्याप्रमाणे बोलली. मग त्याने विचारलं, "भाऊ, बहीण कोणी?"

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"हाय. भाऊ हाय. भायेर झाडाखाली बसलाय. सकाळधरनं च्या पन घेतला नाय त्यानं. आनि ही त्याची पोर."

साहेबाने ते लिहून घेतलं. दुभाषा हळूच म्हणाला, "आजी, नाही म्हणायचं होतंत."

"तुमाला बहीण हाय का?"

"आहे."

"मंग?"

तो साहेबाकडे वळला.

फाटकाशी वडील उठून उभे राहिले. "काय इचारलं गं?"

"तुजी चौकशी केली," आत्या म्हणाली. "डबा उघड."

नकार पावसाळ्यानंतर आला. अर्जदार बाईला तिच्या देशात आधार देऊ शकेल असा भाऊ आहे, असं त्यात होतं. ज्याचा पगार स्वतःच्या घराला पुरत नाही, त्या माणसाला सातासमुद्रापलीकडून आधार ठरवलं गेलं आणि पोटच्या मुलाला बाद केलं. आत्या खाचरं परत मागायला गेली तेव्हा दीर म्हणाला, "वयनी, कागद तो कागद." तो वर्षाला एक पोतं तांदूळ धाडतो आणि चारचौघांत ते सांगतो. शेत नाही, म्हैस नाही, मुलाच्या पैशावर जगणं. त्यांच्या अटी आता खऱ्या झाल्या आहेत. त्या खऱ्या एका देशाने केल्या की एका दिराने, हा भेद मी करत नाही. दुसऱ्याला आधी नागवं करायचं आणि मग त्याची लायकी मोजायची, ही रीत मला दोन्हीकडे एकच दिसते.

त्या वर्षी भाऊबीजेला वडील आत्याच्या दारात उभेच राहिले. पुन्हा अर्ज करता येतो, असं मुलाचं पत्र आलं होतं.

"ताय, या बारीला चंद्राला ओवाळ," ते म्हणाले. "सवय होईल. मंग साहेबापुढं जीब अडायची नाय."

आत्याने ताट उचललं होतं. कोपऱ्यात नातींचा फोटो होता, तिकडे तिने एकदा बघितलं.

"बस रं पाटावर," ती म्हणाली. "वारा हाय. वात इजंल."